येते म्हणाली

आमच्या तात्यांच्या दुकानात लाइट कधी जात नाही. लखनौत राहून असं म्हणणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. पंखा थांबतो, अंधार होतो, शेजारचे दुकानदार "गई, गई" करत गल्लीत येतात आणि तात्या शांतपणे सांगतात, "लाइट येते म्हणाली."

निघताना "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तात्यांनी तो नियम सगळ्या जगाला लावला. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी "येतो म्हणाला." एकदा दाढ उपटून आले, तेव्हा मी घाबरत घाबरत विचारलं. गालावर हात ठेवून म्हणाले, "येते म्हणाली."

लखनौच्या चौक नावाच्या जुन्या भागात, सराफ्यामागच्या गल्लीत, तात्यांचं गलाईचं दुकान आहे. जुनी चांदी वितळवून शुद्ध करायची. आम्ही दोघंही खानापूर तालुक्यातले. नववीत मी शाळा सोडली. खरं म्हणजे शाळेनंच मला सोडलं. तेव्हा तात्यांनी इथं आणलं, भट्टीपुढं बसवलं, माणसात आणलं. त्यामुळं ते काहीही म्हणाले तरी मला पटतं. फक्त दुकानाला काही झालं तर आपलं कसं, ही धास्ती कायम असते.

भट्टीला वारा घालणारा ब्लोअर विजेवर चालतो. तो थांबला की मुशीतली चांदी गोठायला लागते. म्हणून गल्लीच्या टोकापलीकडं, वेगळ्या फेजवर राहणाऱ्या मुन्नेभाईंच्या जनरेटरची लाइन आम्ही घेतली होती. अंधार झाला की तात्या फोन करायचे, "मुन्ने भाई, बत्ती आती हूँ बोली." तिकडून मुन्नेभाई खटका ओढायचे. एवढं मराठी त्यांना कळत होतं. चहाच्या वेळेला ते आमच्याकडेच असायचे, आणि चहा पातळ म्हणून रोज नावं ठेवायचे.

गेल्या लग्नसराईत मात्र फोन त्यांच्या नव्या जावयानं उचलला. "आ गई? बढ़िया," म्हणून ठेवून दिला. तात्या पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, तो पुन्हा पुन्हा आनंद व्यक्त करत राहिला. मी म्हणालो, "तात्या, गई म्हणा की एकदा." नाही म्हणाले. चांदी गोठली आणि मूस तडकली. माल होता आमच्या सगळ्यात मोठ्या शेठचा. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडं नेईन, असं त्यानं बजावलं. तसं झालं असतं तर शटर ओढून गाव गाठण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता.

मुन्नेभाई माफी मागतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी जावयाची बाजू घेतली. "तात्या, टेढ़ी तो आपकी ज़बान है. जाने को आना कौन बोलता है?"

तात्या माझ्याकडं वळून म्हणाले, "मूस चढली. आता उतरायची न्हाई." हे वाक्य आलं की विषय संपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हज़रतगंजला, नव्या जनरेटर कंपनीच्या ऑफिसात. यांचा खटका आपोआप पडतो, फोनची गरज नाही. टायवाल्या पोरानं अदबीनं विचारलं, "सर, आपके यहाँ लाइट कितनी बार जाती है?"

"जाती नहीं."

"तो फिर हमारा कनेक्शन किसलिए?"

"वो आती हूँ बोलती है, फिर देर लगाती है."

पोरानं माझ्याकडं पाहिलं, मग हळूच तात्यांना विचारलं, "कौन, सर?"

उरलेलं बोलणं मी केलं.

नवी लाइन जोडली त्याच दिवशी परीक्षा झाली. सगळी गल्ली अंधारली, आमचा ब्लोअर मात्र घरघरतच राहिला. शेठची चांदी अशी सुरेख उतरली की माझ्या जिवात जीव आला. तात्यांनी सवयीनं फोन उचलला होता. तो तसाच हातात राहिला.

दुपारी मुन्नेभाई आपली तार काढायला आले. शिडी लावून वर चढले, तार सोडवली. शिडीवरून उतरले, तार गुंडाळून खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "अच्छा तात्या, चलता हूँ."

तात्या दारात आडवे उभे राहिले. "चलता हूँ नहीं. आता हूँ बोल."

"तार तो खोल ली. अब किस काम से आऊँगा?"

"काम का नहीं पूछा. बोल."

मुन्नेभाई हसायला लागले होते, पण तात्यांचं तोंड बघून थांबले. तात्या भट्टीकडं बघत म्हणाले, "हमारी वो चारबाग टेसन से गाँव निकली, तो खिड़की से बोली, जाते. मैं टोकनेवाला था. गाड़ी छूट गई."

काकू त्या साली गावीच वारल्या, एवढंच मला माहीत होतं.

मुन्नेभाईंनी खांद्यावरची तार उगाच सारखी केली. मग खाली बघत म्हणाले, "आता हूँ, तात्या." तात्या बाजूला झाले, मुन्नेभाई निघाले.

मी चहा टाकला. तात्यांनी मागं न बघता विचारलं, "गलास किती मांडलंस?"

"दोन."

"तीन मांड," तात्या म्हणाले. "मुन्नेभाई येतो म्हणालाय."