संत्र्याच्या गोळ्या आणि लाल चिंध्या

निघायच्या आदल्या दिवशी सामानाची तपासणी झाली आणि तीत मेहुण्याची नवी पँट नापास झाली. एका डोंगरासाठी नवे कपडे, पृथ्वीने सोसायचं तरी किती, असं म्हणत भावोजींनी कपाटातून स्वतःची जुनी पँट काढून त्याच्या हातात ठेवली. ऑफिसात या भावोजींना सगळे मागून ‘पर्यावरण’ म्हणत. ते चहाचा कप घरून नेत, आणि जो नेत नसे त्याच्या टेबलापाशी जाऊन नुसते उभे राहत.

बायकोने मात्र या खेपेला आधीच बजावलं होतं. दरवर्षीची सुट्टी तंबूत काढून तिची पाठ कामातून गेली होती.

“अहो, यात काही विचका झाला ना, तर पुढची सुट्टी हॉटेलात. गादीवर.”

पर्यावरण हसले. विचका दुसरे लोक करतात, अशी त्यांची समजूत होती.

पायथ्याच्या चौकीवर मेहुण्याने वनरक्षकाला संत्र्याची गोळी दिली, एक स्वतःच्या तोंडात टाकली आणि कागदाचं काय करावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. तेवढं निमित्त पुरलं. आपण येऊन गेलो हे डोंगराला कळतासुद्धा कामा नये, कागद जाईल तो खिशात, असं व्याख्यान अर्ध्या चढापर्यंत चाललं. मेहुणा गरीब स्वभावाचा. त्याने वाटभर गोळ्या खाल्ल्या, पण प्रत्येक कागद इमानेइतबारे खिशात घातला.

पर्यावरण पिशवी घेऊन सगळ्यांत मागे चालत होते. कुणीतरी झाडाझाडाला लाल चिंध्या बांधून ठेवल्या होत्या, म्हणून त्यांची नजर सारखी वरच होती. त्या सोडताना ते “काय लोक असतात” असं पुटपुटत, आणि त्यांना फार बरं वाटत होतं. माथ्यावर पोचेपर्यंत पिशवी भरली. रात्री तंबूत त्यांना इतकी शांत झोप लागली की बायकोला त्यांच्या घोरण्याने लागली नाही.

दुसऱ्या दिवशी उतरताना वाटेला फाटे फुटले. एका फाट्याने गेले ते पुन्हा तंबूच्या जागी आले. दुसऱ्याने गेले, तरी तिथेच आले. उन्हं कलली तशी बायको मटकन खाली बसली.

“येताना प्रत्येक वळणावर झाडाला लाल काहीतरी होतं. मी मुद्दाम लक्षात ठेवलं होतं. ते कुठे गेलं?”

पर्यावरणांनी पिशवी हळूच मांडीखाली सरकवली. पण एक चिंधी बाहेर लोंबत राहिली. बायकोने ती पाहिली आणि दोन बोटांनी आत खुपसली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

इतक्यात खालून हाक आली आणि पाठोपाठ धापा टाकत वनरक्षक आला. वाटेच्या खुणा कुणीतरी काढून नेल्यात, तो सापडला तर सोडणार नाही, असं तो म्हणाला.

“वाऱ्याने गेल्या असतील,” मेहुणा घाईघाईने म्हणाला.

“गाठी सोडून? नशीब, या पाहुण्यांच्या गोळ्यांचे कागद वाटेभर पडले होते. ते बघत बघत आलो.”

मेहुण्याचा चेहरा पडला. आपण सगळे कागद खिशात घातले, असं तो शपथेवर सांगू लागला. बायकोने एक खडा उचलून त्याच्या खिशात टाकला, तो थेट खाली पायच्यातून बाहेर आला.

“अहो, पँट तुमचीच ना?” तिने विचारलं.

उतरताना पहिलाच कागद दिसला आणि पर्यावरण सवयीने वाकले.

“राहू द्या साहेब,” वनरक्षक म्हणाला. “माझा जोडीदार पलीकडून चढलाय, तुम्हालाच शोधायला. नवीन आहे. तो या कागदांवरूनच उतरेल.”

पर्यावरण कागद हातात धरून उभे राहिले. पाठीवरच्या सॅकमधली पिशवी उघडली असती तर झाडाझाडाला पुन्हा खूण बांधता आली असती. फक्त दोन शब्द बोलावे लागले असते. ते काही तोंडातून फुटेनात. शेवटी त्यांनी कागद होता तिथे ठेवला, आणि उडू नये म्हणून एक छानसा खडा शोधून त्याच्यावर ठेवला.

खडा नीट बसेपर्यंत बायको शेजारी थांबली होती.

“जाड गादी,” ती म्हणाली. “आणि दोन उशा.”