हाडाला ठाऊक आहे का?

तमाम पनवेलकरांनो, असाल तिथे उभे राहा! अत्यंत गंभीर बातमी आहे. आमच्या रूबेनकाकांच्या उजव्या पावलाचं हाड जुळलं आहे. डॉक्टरांनी ते मान्य केलंय, एक्स-रेनं मान्य केलंय, तिकडे इस्रायलमधून त्यांच्या मुलीनंही मान्य केलंय. एकट्या रूबेनकाकांना ते मान्य नाही.

नवीन पनवेलमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झाले आणि मैलोन् मैल चालत सुटले, तेही झिजलेल्या चपला घालून. शेवटी पावलातल्या एका बारीक हाडाला तडा गेला. तो केव्हाच भरला. दुखणं मात्र हटेना. रोज सकाळी काका एक्स-रे खिडकीशी उन्हात धरून उभे असतात. एका पायावर.

डॉक्टर म्हणाले, "काका, हाड भक्कम आहे. इतके दिवस पाय वापरला नाहीत, म्हणून दुखतंय. हळूहळू चालायला लागा."

"तुम्हाला ठाऊक आहे हो," काका म्हणाले. "हाडाला ठाऊक आहे का?"

एकदा जिन्यात त्यांनी माझा दंड गच्च धरला. चेहरा पांढराफटक.

"सुनंदा, ऐकलंस? कट्‌ झालं!"

मी शेंगदाणा चावला होता.

हसू नका. आठवडाभर त्यांच्याबरोबर जिना उतरून आता मलाही माझी हाडं ऐकू यायला लागली आहेत. स्वयंपाकघरात वाटी पडली तरी मी आधी पाय चाचपते.

गेल्या मंगळवारी काकांच्या पत्नीची, फ्लोराकाकूंची पुण्यतिथी होती. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या रीतीप्रमाणे सिनेगॉगमधल्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इथली बरीच घरं इस्रायलला निघून गेलेली. काकांनी फोन करकरून, कुणाला पेणहून, कुणाला ठाण्याहून बोलावून नऊ जण जमवले. दहावे स्वतः.

सोबतीला मी होतेच. सिनेगॉगसमोर रिक्षा थांबली. समोर तीन पायऱ्या. काका त्यांच्याकडे असे बघत होते, जणू कडाच चढायचा आहे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कपाळावर घाम.

रिक्षावाला वैतागला. "काका, उतरा ना आता! नवरीवानी काय बसलाव?"

काका हलेनात. मी म्हटलं, "जाऊ दे, परत फिरू या."

"दुखण्याला नाही गं भीत मी," ते अगदी हळू म्हणाले. "पुन्हा मोडलं तर मुलगी मला तिकडे घेऊन जाईल. मग फ्लोराच्या प्रार्थनेला इथे नऊच उरतील."

तेवढ्यात दारातून एक म्हातारे गृहस्थ डोकावले.

"रूबेन, ये ना रे! तुझ्यावाचून अडलंय."

काकांनी डोळे मिटले आणि उजवा पाय खाली टेकवला. दुखरा, तोच. त्यांच्या मुठीत माझी बोटं पिळवटून निघाली. एक पायरी. दुसरी. तिसरी. मी दारापाशीच थांबले.

आत टोप्या घातलेले नऊ जण पुस्तकं उघडून उभे होते. काका आपल्या जागी पोचले. दोन्ही पायांवर सरळ उभे राहिले. आणि त्या शांततेत, ऐन प्रार्थनेच्या तोंडावर, केवढ्यांदा तरी ओरडले,

"फ्लोरा, दुखतंय! पण मोडलं नाही!"