जुळवलेलं गणित

वहिनीचं गणित म्हणत होतं चौतीस आणि दिराचं मीटर म्हणत होतं एकवीस. दोघं राहायला एका घरात, कामाला एका प्रयोगशाळेत, त्यामुळे भांडणाला सुट्टीच नाही.

भानगड अशी. केसासारख्या बारीक, पोकळ नळ्यांची एक जुडी. तिच्यात दाबाने हवा सोडायची. नळ्यांच्या भिंतीतून ऑक्सिजन भराभर झिरपतो, नायट्रोजन रेंगाळतो. झिरपलेल्या हवेत ऑक्सिजन किती टक्के निघेल, ते वहिनीने आधीच गणिताने सांगायचं, मग दिराने मीटरने मोजायचं. उद्या पाहुण्या बाई बघायला येणार. पटलं तर वहिनीची नोकरी पक्की, नाहीतर उचला डबा.

"भाऊजी, तुमची जुडी गळतेय."

"जुडी टकाटक आहे. तुमचं गणितच गळतंय, वहिनी!"

"गणित कसं गळेल?"

"मग मीटर काय खोटं बोलतंय?"

वहिनीने दातओठ खाल्ले आणि ऑक्सिजन नायट्रोजनच्या किती पट भराभर झिरपतो, तो गणितातला आकडा जरा खाली ओढला. उत्तर आलं तीस. अजून ओढला. सव्वीस. मग लाजच सोडली. एकवीस! दिराने टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या सरांची छाती फुगलेली. "बघा बाई, गणित आणि मीटर, सख्खी भावंडं!"

"वा. दाब वाढवा बरं."

दिराने वाढवला. एकवीस.

"कमी करा."

एकवीस.

"बंदच करा."

यंत्र गप्प झालं. मीटर एकवीसवर ढिम्म.

"खोलीतल्या साध्या हवेत ऑक्सिजन किती असतो हो?" बाईंनी गोड आवाजात विचारलं.

शाळकरी पोरंसुद्धा सांगतील, एकवीस. वहिनीचे कान तापले. दीर टेबलाखाली शिरला. मीटरची नळी जुडीला लावलेलीच नव्हती. फरशीवर लोळत खोलीची हवा हुंगत होती. त्याने ती खोचली आणि तिथेच बसून राहिला.

"भाऊजी, बाहेर या."

"नको. इथंच बरंय."

वहिनीनेच यंत्र चालू केलं. मीटर सरसर चढलं. चौतीस.

"माझं आधी चौतीसच येत होतं," वहिनी पुटपुटली.

"मग एकवीस कसं झालं?"

वहिनी चपलांकडे बघत राहिली. "जुळवलं."

सर घाईघाईने मध्ये पडले. "त्यात काय एवढं! पाच मिनिटांत परत चौतीस करून देईल ती!"

बाईंनी पर्स उचलली. "देईल हो. तीच तर भीती आहे."