द्वारकाकाकूंचा सातवा तोळा

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात सोन्याचे एक दुकान होते. प्राण्यांना सोने कशाला लागते, असे विचारू नका. माणसांना कशाला लागते ते मला अजून कळलेले नाही, आणि माझे वय आता बरेच झाले आहे.

दुकान होते रंगनाथशेठ तांबट यांचे. तांबट हा एक लहानसा हिरवा पक्षी. दिवसभर टुक टुक करत बसतो, जणू कोणी भांडे ठोकत आहे. नाव तांबट आणि धंदा सोन्याचा, यावरून रंगनाथशेठांना लहानपणापासून बरेच ऐकून घ्यावे लागले होते. त्यामुळे असेल, पण वजनाच्या बाबतीत ते फार काटेकोर होते.

त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून दुकानात सोने गुंजांनी तोलत. गुंज म्हणजे वेलीवरची लालभडक बी, टोकाला काळा ठिपका. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. हा हिशेब सगळ्या जंगलाला पाठ होता, कारण गुंजा सगळ्या जंगलात फुकट मिळत.

मग वाघमहाराज परदेश दौऱ्यावर गेले. तिकडे त्यांनी ग्राम पाहिला. परत आल्यावर त्यांनी दवंडी पिटवली की आजपासून आपले जंगल आधुनिक झाले आहे; गुंज, मासा आणि तोळा बंद; सोने ग्राममध्ये मोजावे. प्रत्येक दुकानात एक काचेचे यंत्र आले. त्यावर वस्तू ठेवली की हिरवे आकडे उमटत.

जंगलाने हुकूम मानला, पण जिभेला तो मानवेना. लग्नाच्या बैठकीत पस्तीस ग्राम घालू म्हटले की समोरच्यांचे चेहरे पडत. तेच तीन तोळे म्हटले की खुलत. शेवटी महाराजांनी मोठ्या मनाने तोळा परत दिला. फक्त आता तो दहा ग्रामचा होता. जुना तोळा पावणेबारा ग्रामला किंचित कमी, पण दहाने गुणायला आणि भागायला सोपे जाते म्हणून दहा. नाव तेच राहिले होते, त्यामुळे आत काय कमी झाले ते कोणी उघडून पाहिले नाही.

याच जंगलात द्वारकाकाकू नावाच्या एक साळिंदर राहत. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. मथुरा आणि गोकुळा या दोन मुली लग्न होऊन आपापल्या बिळात नांदत होत्या. काकूंच्या अंगावर काटे भरपूर आणि दागिना एकच. सासूबाईंनी दिलेली, भरीव मण्यांची बोरमाळ. बेचाळीस मणी, सहा तोळे. काट्यांमधून ती गळ्यात घालायची म्हणजे अर्धा तास जाई, म्हणून काकू ती वर्षातून दोनदाच घालत. पण मणी मात्र रोज मोजत. नामस्मरणाला बसल्या की माळ तीच घेत. देवाचे नाव आणि मणी असे दोन्ही एकदम होई.

दोन्ही मुलींच्या लग्नात काकूंनी सांगून ठेवले होते की माझ्यामागे तुम्हाला तीन तीन तोळे. पुढे गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी विचार केला की मागे कशाला, डोळ्यांसमोरच देऊन टाकू. घेणाऱ्यांचे चेहरेही पाहायला मिळतील. म्हणून एका सकाळी दोघी मुलींना घेऊन त्या रंगनाथशेठांच्या दुकानात गेल्या आणि म्हणाल्या की हिच्या दोन सारख्या माळा करून द्या.

रंगनाथशेठांनी मणी दोऱ्यातून काढून यंत्रावर ठेवले. हिरवे आकडे थोडे नाचले आणि थांबले. एकोणसत्तर पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

"सत्तर धरा," शेठ म्हणाले. "म्हणजे सात तोळे."

मग मथुरा म्हणाली, "आई, सहा होते ना?"

रंगनाथशेठांनी ताबडतोब समजावून सांगायला सुरुवात केली. जुना तोळा मोठा होता. सात मणी तोलले की एक भरे. नवा लहान आहे, सहा मण्यांत भरतो. मणी तेवढेच आहेत, सोने तेवढेच आहे. त्यांनी कागदावर आकृती काढली. मणी सहा सहांच्या ओळीत मांडून दाखवले, मग सात सातांच्या. ते इतके सोपे करून सांगत होते की ग्राहक हळूहळू त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले.

मुलींनी आकृती पाहिलीच नाही. त्यांच्या कानात सात हा आकडा गेला होता आणि तिथेच बसला होता.

काकू म्हणाल्या की यात अडचण कसली, प्रत्येकीला एकवीस मणी. पण मथुरेचे म्हणणे पडले की तीन तीन तोळे ठरलेले होते, ते ठरल्याप्रमाणे घ्यावेत, आणि वरचा एक तोळा थोरलीला द्यावा. आईचे गुडघे कोण चोळते, हे तिने शेठांनाही विचारले. गोकुळा म्हणाली की माळ गेली आठ वर्षे मी दिलेल्या डब्यात असते, तेव्हा वाढली असेल तर तिथेच वाढली असणार. वासरू जिच्या गोठ्यात झाले तिचेच. अर्धा अर्धा घ्या म्हटले तर अर्ध्या तोळ्यात कानातलेसुद्धा धड होत नाही, यावर मात्र दोघी बहिणींचे एकमत झाले.

काकू मधे बसून दोघींकडे बघत होत्या. लहानपणी याच दोघी एका केळीच्या कंदावरून अशाच फुरफुरत. तेव्हा काकू कंदाचे दोन तुकडे करून गप्प बसवत. आता ज्याचे तुकडे करायचे, तो तोळा त्यांना कुठे दिसतच नव्हता.

शेठांनी मणी पुन्हा एकाच दोऱ्यात ओवून काकूंना परत दिले. पंधरा दिवस दोघी आईकडे आल्या नाहीत. सोळाव्या दिवशी समन्स आले. गोकुळेने मथुरेवर दावा लावला होता, मथुरेने गोकुळेवर, आणि दोघींनी मिळून आईला साक्षीदार केले होते.

न्यायमूर्ती होते गवा. भारदस्त प्राणी. खुर्चीत बसले की खुर्ची दिसत नसे. स्वतःचे वजन टनाच्या आसपास असल्यामुळे, ग्राम ही काय वस्तू आहे याची त्यांना पुसटशीच कल्पना होती. त्यांच्या उजव्या हाताला सरकारी वकील तरसे बसत. जातीने तरस. एखाद्याचे दुःख ऐकताना त्यांना हसू येई, पण तो स्वभावच आहे म्हणून कोणी मनावर घेत नसे. बहिणींच्या भांडणात सरकारचे काय काम, असे काकूंनी त्यांना विचारले. तरसे म्हणाले की सोन्याचा विषय निघाला की सरकार आपोआप येते, बोलवावे लागत नाही.

पहिली साक्ष रंगनाथशेठांची झाली. ते आजोबांचा तराजू आणि पाचशे शहात्तर गुंजा घेऊन आले होते. सहा तोळ्यांच्या गुंजा बरोबर तेवढ्याच होतात. एका पारड्यात माळ ठेवू, दुसऱ्यात गुंजा ठेवू, काटा मधे थांबेल, आणि खटला संपेल, असे त्यांनी नम्रपणे सुचवले.

तरसे उठले. त्यांनी हरकत घेतली की गुंज हे माप कायद्याने बंद झाले आहे. तेव्हा समोर जे आहे ते माप नसून बियाणे आहे, आणि बियाण्याचा विषय शेती खात्याकडे जातो. न्यायमूर्तींनी हरकत मान्य केली. गुंजांची थैली शेती खात्याचा अभिप्राय येईपर्यंत कोर्टाच्या कोठडीत ठेवली गेली. अभिप्राय यायला वेळ लागला. कोठडीचे छप्पर गळत होते. पुढच्या तारखेला थैली उघडली तेव्हा पुराव्याला मोड आलेले होते. न्यायमूर्तींनी नोंद करवून घेतली की साक्षीदाराचे माप वाढते असून विश्वासार्ह नाही.

मग काकूंना उभे केले. त्यांनी आयुष्यात कोर्ट पाहिले नव्हते. काटे थरथरत होते, आणि त्या आवाजामुळे त्यांचे बोलणे लेखनिकाला नीट ऐकू येईना. म्हणून न्यायमूर्तींनी त्यांना पाणी द्यायला सांगितले.

"साहेब," काकू म्हणाल्या, "मला ग्राम कळत नाही आणि तोळाही आता कळेनासा झाला आहे. पण मणी मी रोज मोजते. सासूबाईंनी दिले तेव्हा बेचाळीस होते. आज सकाळी मोजले, बेचाळीसच आहेत. वाढला असेल तर तो कुठला मणी, तेवढे मला दाखवा. मी माझ्या हाताने काढून देते."

मथुरा आणि गोकुळा लांब लांब बसल्या होत्या, त्या दोघींनीही क्षणभर माना खाली घातल्या. न्यायमूर्तींनासुद्धा काहीतरी समजल्यासारखे वाटले. पण ते पक्के समजायच्या आत तरसे उभे राहिले होते.

त्यांनी अतिशय आदराने विचारले, "काकू, मणी हे वजनाचे माप आहे का?"

काकू म्हणाल्या की नाही.

"तुमच्या सासूबाईंनी ही माळ किती तोळ्यांची म्हणून दिली?"

काकू म्हणाल्या की सहा.

"आणि सरकारी यंत्राने किती दाखवली?"

खोटे बोलायची काकूंना सवय नव्हती. "सात," त्या म्हणाल्या.

तरसे हसले. या वेळी स्वभावाने नव्हे, मनापासून.

निकाल चौदा पानांचा होता. मी तुम्हाला थोडक्यात सांगतो. माळ पूर्वी सहा तोळे होती, आता सात आहे, हे मालकिणीनेच कबूल केले आहे. सातवा तोळा सासूने दिलेला नाही, सुनेने घेतलेला नाही, मुलींना कबूल केलेला नाही. तो कोणी कमावला, असे कोणाचेही म्हणणे नाही. ज्या वस्तूला मालक नाही ती सरकारजमा होते. सबब एक तोळा खजिन्यात भरावा. उरलेले सहा तोळे वचनाप्रमाणे तीन तीन वाटावेत. यात कोणाचेही नुकसान झालेले नाही, सहाचे सहा तोळे शाबूत राहिले आहेत, याबद्दल न्यायालयाला समाधान वाटते.

कोर्टातच दोरा कापला गेला. एका टोकाचे सहा मणी तरसेंनी मोजून घेतले. त्यांत एक मणी चेपलेला होता. मथुरेला पहिले दात आले तेव्हा ती आईच्या मांडीवर बसून माळ चावत असे, त्याची ती खूण. काकूंनी हात पुढे केला आणि विचारले की एवढा एक बदलून घेता का, बाकीचे सगळे सारखेच आहेत. तरसे म्हणाले की सरकार वजन पाहते, खुणा पाहत नाही. मथुरेने ते ऐकले. बाहेर आल्यावर ती बराच वेळ झाडाकडे तोंड करून उभी राहिली.

तशा दोघी बहिणींचे लगेच जुळले. सातवा तोळा दुसरीला मिळाला नाही, एवढ्यावर दोघींचे समाधान होते. प्रत्येकीला अठरा मणी आले. रंगनाथशेठांनी त्यांच्या दोन माळा ओवून दिल्या आणि मजुरी घेतली नाही. गोकुळेने माळ गळ्यात घालून पाहिली. आईने घातलेली आठवते त्यापेक्षा ही आखूड का वाटते, असे तिने विचारले. शेठांनी तोंड उघडले, मग कोर्ट आठवून मिटले. ते म्हणाले की तुमची मान वाढली असेल.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण महाराजांनी निकाल वाचला आणि त्यांना तो फार आवडला. जंगलात जुन्या तोळ्याचे सोने घरोघरी पडून होते. हुकूम निघाला की प्रत्येकाने जुने दागिने यंत्रावर आणून वाढ झाली आहे का ते तपासून घ्यावे. रांगा लागल्या. प्रत्येकाच्या सहा तोळ्यांचे सात भरत, प्रत्येकाचा एक तोळा खजिन्यात जाई, आणि प्रत्येक जण घरी जाऊन सांगे की आपले होते तेवढे आपल्याला परत मिळाले. वर्षअखेरीला जाहीर झाले की महाराजांच्या कारकिर्दीत जंगलातले सोने आपोआप वाढले. जगात असे कुठेही घडले नव्हते.

या आनंदाप्रीत्यर्थ मोठा सोहळा झाला. पहिली वाढ जिच्या घरात झाली ती नागरिक म्हणून द्वारकाकाकूंना व्यासपीठावर बसवले. पितळेचे पदक दिले. काट्यांमुळे ते गळ्यात जाईना, म्हणून हातातच ठेवले. समोर अख्खे जंगल बसले होते. पहिल्या रांगेत दोघी मुली होत्या, गळ्यात आखूड माळा घालून.

महाराजांनी स्वतः काकूंपुढे बोलण्यासाठी कर्णा धरला आणि विचारले की हे सोने तुम्ही वाढवले तरी कसे.

काकूंनी तरसेंकडे पाहिले. न्यायमूर्तींकडे पाहिले. मग महाराजांकडे पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "मी काही केले नाही, महाराज. सगळे तुम्हीच केले."

टाळ्या इतक्या झाल्या की झाडांवरची पाखरे उडाली. दुसऱ्या दिवशी काकूंचे ते वाक्य प्रत्येक दुकानातल्या यंत्राच्या वर पाटी करून लावले गेले. खाली लिहिले होते, 'एका समाधानी नागरिकाचे उद्गार.' रंगनाथशेठांच्या दुकानातही ती पाटी लागली. ते रोज सकाळी ती पुसत, आणि पुसताना एकटेच हसत.

तात्पर्य, मुलांनो, वहीत नीट उतरवून घ्या: ज्यांना राज्य श्रीमंत करायचे आहे त्यांनी सोने शोधत फिरू नये, तोळा लहान करावा. बाकीच्यांनी मणी मोजण्याची वाईट सवय सोडून द्यावी.