पेशींचे पहारेकरी आणि शेळके सर

शेळके सर आमच्याकडे येतात ते थेट स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत सोफा, दोन खुर्च्या आणि मी असे सगळे रिकामेच असतो, पण सर आमच्याकडे न बघता ओट्यापाशी जातात आणि विचारतात, "लसूण ठेचला का?"

ठेचला असेल तर पुढचा प्रश्न, "कधी?" कारण ठेचल्या ठेचल्या लसूण तेलात टाकणं हा सरांच्या लेखी गुन्हा आहे. कोबीचंही तेच. चिरायचा आणि दहा मिनिटं गप बसायचं. "त्याच्यातला माल तयार व्हायला वेळ लागतो, ताई. घाई केली की समदा कढईत मरतो." ती दहा मिनिटं सर स्टुलावर बसून बोलत राहतात. माझी बायको सुनंदा गॅस बंद करून ऐकते आणि मी बाहेर भुकेनं कळवळतो.

सर जीवरसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. उस्मानपुऱ्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, सर आता आमच्या पेशी राखतात. मी विम्याच्या कचेरीत लोकांच्या आयुष्याची काळजी वाहतो आणि घरी येताना औरंगपुऱ्यात थांबून स्वतःच्या आयुष्यात कचोऱ्या भरतो. शिकवायची खुमखुमी असलेल्या माणसाला याहून चांगला शेजारी कुठे मिळणार?

मला त्यांनी शरीर समजावलं ते असं. "जोशीसायेब, हर्सूलचं जेल बघितलं ना? बाहेरून हो, घाबरू नका. तशी तुमची एकेक पेशी. आत गुंड लई. तुम्ही नुसता श्वास घेतला तरी तयार होतात, अन् दिसंल ते फोडत सुटतात. पहारेकरी आतलेच असतात, पण ते पेंगतात. हळद, कांदा, कोबी काय करतात? शिट्टी मारून त्यांना उठवतात."

"आणि तुम्ही ते सारखं सेलेनियम सेलेनियम करता, ते काय?"

"ती काठी. त्यातल्या एका पहारेकऱ्याचं तर तिच्याबिगर पानच हलत नाय. उठला अन् हातात काठीच नसंल, तर गुंडाला काय नमस्कार करंल? जमिनीत असंल तर धान्यात येतं, धान्यातून आपल्यात. थोडंच लागतं, पण लागतं."

मला एवढं ज्ञान पुरलं. कमी ज्ञानावर मोठं काम करण्याची आमच्या घराण्याची परंपराच आहे. ब्राझील नट नावाच्या परदेशी बियांमध्ये सेलेनियम ठासून भरलेलं असतं, असं सर बोलता बोलता म्हणाले होते. "एखादी बास, रोज तर नकोच," असंही म्हणाले होते म्हणे. पण तोवर मी मोबाइलवर ऑर्डर देत होतो.

टीव्हीसमोर बसून मी मुठी भरभरून त्या खाल्ल्या. काही आठवड्यांत नखं तुटायला लागली. लसूण न खाताच तोंडाला लसणाचा वास येऊ लागला. डोक्यावर मुळात जी थोडी मंडळी उरली होती, तीही उशीवर उतरू लागली. डॉक्टरांनी बियांचा डबा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"आवं, काठी द्या म्हणलं होतं," सर म्हणाले, "तोफ द्यायला कुणी सांगितलं?"

मला हसू आलं, सुनंदाला नाही. ती घाबरली होती आणि घाबरली की ती चिडते. "सर, आजपासून आमच्या स्वयंपाकाचं आम्ही बघू," ती म्हणाली. सर स्टुलावरून उठले. "व्हय ताई. चुकलंच माझं," म्हणाले आणि गेले. खरा गुन्हेगार तेव्हा सोफ्यावर बसून आपली नखं तपासत होता.

सर यायचे थांबले. जेवण वेळेवर मिळू लागलं आणि मला ते गोड लागेना. शेवटी एका रविवारी दुपारी, केस गळायचे थांबले हे सांगायच्या निमित्तानं, मी त्यांच्याकडे गेलो. सर टेबलाशी बसून चहात टोस्ट बुडवून खात होते. मागे ओटा लख्ख. कढईवरचा दुकानाचा कागदसुद्धा निघालेला नव्हता.

"सर, जेवण?"

"हेच की."

"आणि लसूण, कोबी?"

"एकट्यासाठी कोण ठेचतंय, जोशीसायेब? अन् ठेचला, तरी दहा मिनिटं बोलायचं कुणाशी?" ते हसत म्हणाले. मला मात्र भडभडून आलं. आमचे पहारेकरी जागे करणारा हा माणूस स्वतः टोस्टवर दिवस काढत होता. घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती बराच वेळ पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "जा, त्यांना जेवायला घेऊन या. आणि मधे मधे बोलू नका."

सर आले, पण स्वयंपाकघरात गेले नाहीत. पाहुण्यासारखे माझ्याशेजारी खुर्चीवर बसले. ताटात मेथीची भाजी आणि भाकरी होती. मान खाली घालून जेवत राहिले. "छान झालंय, ताई," एवढंच बोलले. पेशींचं नाव नाही, काही नाही.

सुनंदानं त्यांना आणखी एक भाकरी वाढली आणि तिथंच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, ह्या मेथीत काय असतं हो?"

सरांनी वर बघितलं.

"लई असतं, ताई," ते म्हणाले, आणि ताट उचलून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसले.