अडतीस नंबरची मोगरी

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ठोकेकाकांच्या बायकोने वॉशिंग मशीनचे झाकण उघडले आणि ओल्या पडद्यांच्या गुंत्यातून मोगरी बाहेर काढली. मोगरी पार टकली झाली होती. तिची लोकर पडद्यांना, उशीच्या अभ्र्यांना आणि ठोकेकाकांच्या एका पायमोज्याला चिकटली होती. संचलन त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता होते.

मोगरी म्हणजे लष्करी बँडमधला मोठा ढोल वाजवायची काठी, जिच्या टोकाला लोकरीचा गोल गोळा असतो. ठोकेकाका एकतीस वर्षे पलटणीच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवत होते आणि महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. ठोकेकाका हे त्यांचे खरे नाव नव्हे, पण खरे नाव आता फक्त पगारपत्रकाला ठाऊक होते. मशीनमधून निघालेली मोगरी मात्र त्यांची नव्हती. ती मित्रदेशाच्या बँडमधल्या ढोलवाल्याची होती. चोवीस वर्षे तळहातावरच्या फोडासारखी जपून ती आज त्याला परत करायची होती.

"खोळ धुवायला टाक म्हणालात, मी टाकली," बायको म्हणाली. "आत मोगरी आहे हे कोणी सांगायचं?"

"हाताला लागली नाही तुझ्या?"

"लागली. म्हटलं, तुमचं काहीतरी असेल. तुमच्या वस्तूंत हात घालायचा नाही, हे लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तुम्हीच सांगितलंत."

ठोकेकाका पायमोज्यावरची लोकर एकेक करून वेचत बसले.

चोवीस वर्षांपूर्वी दोन्ही देशांच्या बँडचे पहिले संयुक्त संचलन याच गावात झाले होते. ऐन संथ चालीत शेजारच्या पाहुण्या ढोलवाल्याच्या मोगरीचा मनगटात अडकवायचा पट्टा तुटला. मोगरी हवेत गिरकी घेऊन पाहुण्यांच्या दुसऱ्या रांगेत बसलेल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या सासूबाईंच्या मांडीवर पडली. बाईंनी ती मानाची भेट समजून पर्समध्ये ठेवली. ठोकेकाकांनी पाऊल न चुकवता आपली डावी मोगरी शेजाऱ्याच्या हातात दिली आणि उरलेली चाल एका हाताने वाजवली. सासूबाईंकडून मोगरी सुटेपर्यंत पाहुण्या बँडची बस विमानतळाकडे निघून गेली होती. अशा रीतीने याची त्याच्याकडे राहिली आणि त्याची याच्याकडे.

मग पत्रव्यवहार झाला. इकडच्या कचेरीने सौजन्य म्हणून लिहिले की, आमची मोगरी मैत्रीची खूण म्हणून तुमच्याकडेच असू द्या. तिकडच्या कचेरीनेही तेच लिहिले. खरे तर दोन्ही ढोलवाल्यांना आपापली मोगरी परत हवी होती, पण त्यांना कोणी विचारले नाही. पुढे दरवर्षी त्या तारखेला दोन्ही देशांत शेवटची संथ चाल एकाच मोगरीने, मित्राच्या मोगरीने, वाजवायची परंपरा पडली. पुढची भेट मात्र दर वेळी हुकत गेली. एकदा सरकार बदलले, एकदा समुद्रातल्या मासळीवरून दोन मंत्री रुसले, एकदा सगळे ठरल्यावर विमानच मिळाले नाही.

त्या पहिल्या भेटीतली, संचलनाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ ठोकेकाका विसरले नव्हते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. जेवणानंतर त्यांनी स्वरलिपीच्या एका कागदाच्या पाठीवर पेन्सिलने चित्रे काढून गप्पा मारल्या. त्याने घर काढले, बायको काढली, मासा काढला. यांनी घर काढले, बायको काढली आणि पोट पुढे आलेला बँडमास्तर काढला. दोघे इतके हसले की बँडमास्तर काय चालले आहे ते पाहायला उठून आला. तो कागद अजून कपाटात होता. ठोकेकाकांना आयुष्यात मित्र पुष्कळ मिळाले, पण शब्दांवाचून इतके बोलणे पुन्हा कोणाशी झाले नाही. मोगरीच्या दांड्यावर त्या माणसाच्या दातांच्या दोन खुणा होत्या. ढोलाच्या दोऱ्या आवळताना मोगरी दातांत धरायची सगळ्याच ढोलवाल्यांना खोड असते. ठोकेकाकांनी चोवीस वर्षांत ती मोगरी एकदाही दातांत धरली नव्हती.

आज तो येणार होता. पाहुण्यांच्या यादीत नावे नव्हती, पण 'मोठा ढोल : एक' असे स्पष्ट लिहिले होते.

"रडून लोकर उगवणार आहे का?" बायको म्हणाली आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मुलीची घरात घालायची केसाळ सपात होती. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि दिवसभर उभी राहत असल्याने घरी आल्यावर या सपातांशिवाय जमिनीवर पाय ठेवत नव्हती. ती अजून झोपेत होती. त्यामुळे तिचा विरोध नोंदवला गेला नाही.

साडेसहाला सपातेचा वरचा भाग कापला. पावणेसातला तो मोगरीच्या टकलावर ताणून बसवला. आत पोकळी राहिली म्हणून सपातेच्या अस्तराची, मापाच्या पट्टीसकट, घडी करून कोंबली आणि जाड दोऱ्याने शिवून टाकले. काम झकास झाले, पण रंग दुधासारखा पांढरा होता आणि जुनी लोकर चोवीस वर्षांत पिवळी पडलेली होती. मग मोगरी चहाच्या पातेल्यात बुडवली. ती लवकर वाळावी म्हणून केस वाळवायच्या यंत्राखाली धरली. तेव्हा ती फुलत फुलत फ्लॉवरच्या गड्ड्याएवढी झाली. एवढ्यात मुलगी उठून आली आणि एका पायाने दारात उभी राहिली.

"बाबा, माझी दुसरी सपात कुठंय?"

"देशाच्या कामी आली," आई म्हणाली. "तू चहा घे. म्हणजे, दुसरा करते."

अकरा वाजता मैदानावर रंगीत तालीम होती. संथ चाल सुरू झाली. ठोकेकाकांनी मोगरी उचलून ढोलावर घातली आणि कोणीतरी गादीवर बसावे तसा 'धप्प' असा आवाज आला. तोही नीट ऐकू आला नाही. चाल ढोलावर चालत असल्याने पहिल्या रांगेचे डावे पाऊल पडले तेव्हा तिसऱ्या रांगेचे उजवे पडत होते. बँडमास्तरांनी चाल थांबवली. त्यांनी ठोकेकाकांना काय झाले ते विचारले. ठोकेकाकांनी हवेत दमटपणा आहे असे सांगितले. निवृत्तीला अठरा दिवस उरलेल्या माणसाला अधिक विचारणे बरे नव्हे, म्हणून बँडमास्तरांनी दुसरा उपाय केला. ढोल ऐकू यावा म्हणून त्यांनी छोट्या ढोलांना हळू वाजवायला सांगितले. छोटे ढोल हळू झाले तशी ट्रम्पेटे फार चढी वाटू लागली, म्हणून त्यांनाही दबकून फुंकायला सांगितले. मग झांजांचा दणका उघडा पडला. झांजवाल्याला झांजा नुसत्या एकमेकींना टेकवायला सांगितल्या. बारा वाजेपर्यंत साठ माणसांचा बँड शेजारी बाळ झोपले असल्यासारखा वाजू लागला होता.

नेमके त्याच वेळी कमांडरसाहेब पाहणीला आले. साहेब डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"अकरा वर्षं सांगतोय मी, जरा भारदस्त वाजवा," ते म्हणाले. "आज कुठे कोणाच्या कानात शिरलं." पाहुण्यांच्या बँडनेही असेच वाजवावे, असा निरोप त्यांनी लगेच धाडला. यजमानांपेक्षा मोठ्याने वाजवणे बरे दिसत नाही, म्हणून पाहुण्यांनी तो आनंदाने मान्य केला.

पाऊण वाजता पाहुण्यांची बस आली. ठोकेकाका गणवेश घालून मोगरी पाठीमागे लपवून उभे होते. रागावला तर रागावू दे, त्याच्यापुढे सपातेचे चित्र काढू, तो हसेल, असे त्यांनी ठरवून ठेवले होते. त्यासाठी खिशात पेन्सिल होती. एकेक वादक उतरत गेला. सगळ्यात शेवटी मोठा ढोल उतरला आणि त्याच्यामागून जाड मिशांचा, जेमतेम तिशीचा एक उंच गडी उतरला. त्यानंतर बसचा दरवाजा बंद झाला.

ठोकेकाकांनी त्याला खुणेनेच विचारले. गड्याला प्रश्न लगेच कळला. बहुधा त्याला निघतानाच बजावून ठेवले असावे. त्याने गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडे केले, मग हवेत फळा काढून त्यावर खडूने लिहून दाखवले. गुडघे गेले, आता चालवत नाही, शाळेत शिकवतो, एवढे ठोकेकाकांना समजले. त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल खिशातच राहू दिली.

पाच वाजता संचलन झाले. दोन्ही देशांचे एकशे चौदा वादक एकमेकांची झोपमोड होऊ नये अशा बेताने वाजवत मैदानावरून गेले. प्रेक्षक आधी चकित झाले, मग हळूहळू इतके गप्प झाले की बुटांखालची खडी ऐकू येऊ लागली. दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे पुसले. ठोकेकाका वाजवत होते आणि शेजारून बरोबर ठोका येत होता. ठोका बिनचूक होता. पण तो नव्हता. तो जुना मित्र दर चौथ्या ठोक्याला केसभर थांबायचा. चोवीस वर्षे ठोकेकाका दरसाल त्या तारखेला तसेच केसभर थांबत आले होते. आजही ते थांबले. शेजारचा गडी थांबला नाही.

मग मोगऱ्या परत करायचा कार्यक्रम झाला. मिशीवाल्याने सलाम करून मखमली पेटी पुढे केली. आत ठोकेकाकांची मोगरी होती. लोकर विंचरलेली होती, दांड्याला तेल पाजलेले होते, त्यांच्या स्वतःच्या दातांच्या खुणा चोवीस वर्षांपूर्वी होत्या तेवढ्याच होत्या. नवीन एकही नव्हती. ठोकेकाकांनी ते पाहिले आणि त्यांना आपल्या हातातला फ्लॉवरचा गड्डा धरवेना. त्यांनी दुभाष्याला जवळ बोलावले.

"यांना सांगा, लोकर खरी नाही. माझ्या हातून मोगरी धुण्यात गेली. वरचं सगळं मुलीच्या सपातेचं आहे."

दुभाषा सरकारी माणूस होता. त्याने क्षणभर ठोकेकाकांकडे पाहिले, मग पाहुण्यांकडे वळून तो बराच वेळ बोलला. पाहुणे उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मिशीवाल्याने मोगरी कपाळाला लावली. तिला चहाचा वास येत होता.

"काय सांगितलंत हो?"

"म्हटलं, घरातल्या सगळ्यांनी मिळून हिची सेवा केली," दुभाषा म्हणाला. "खोटं आहे का?"

ठोकेकाका महिनाअखेरीस निवृत्त झाले. निरोपाला एक भिंतीवरचे घड्याळ मिळाले. घरात ढोल नव्हता, त्यामुळे परत मिळालेल्या मोगरीचे काय करायचे ते कळेना. ते सकाळी खिडकीपाशी बसून मांडीवर हळूच ठोके देत. बायको आतून ऐके. चौथ्या ठोक्याला आवाज थांबला की तीही भाजी चिरायची थांबे.

संचलनाला दोन महिने आणि नऊ दिवस झाले तेव्हा पलटणीच्या कचेरीतून बोलावणे आले. कारकुनाने एक पत्र पुढे सरकवले, त्याला भाषांतर जोडलेले होते. मित्रदेशाच्या लष्करी संगीत शाळेने लिहिले होते की, मृदू वादनाची आपली पद्धत आमच्या बँडने कायमची स्वीकारली आहे. मोगरीचा अभ्यास करताना आमच्या ज्येष्ठ शिक्षकांना लोकरीच्या आत शिवलेली एक कापडी पट्टी आढळली. तिच्यावर '३८' हा अंक आहे. या अंकाचा अर्थ आणि मोगरी बांधण्याची रीत कृपया कळवावी.

"इतिहास विभागाने अर्धं पान लिहिलंय," कारकून म्हणाला. "लढाईत नदी ओलांडणारे पलटणीचे पहिले जवान अडतीस होते, असं त्यांचं म्हणणं. पण मोगरी तुमच्याकडे होती, म्हणून साहेब म्हणाले, तुम्हाला विचारावं."

ठोकेकाका घाईने उत्तर देणारे नव्हते. त्यांनी मूळ पत्र मागितले. ते छापील होते, खाली शिक्का होता, आणि शिक्क्याच्याही खाली, कोपऱ्यात, पेन्सिलने काहीतरी काढलेले होते.

"ती होडी आहे," कारकून म्हणाला. "त्यांचं बोधचिन्ह असेल."

ती होडी नव्हती. ती एका पायाची सपात होती, केसांसकट. शेजारी प्रश्नचिन्ह होते आणि त्याच्या शेजारी एक मासा.

ठोकेकाका इतके हसले की पलीकडच्या टेबलावरचे दोघे काय चालले आहे ते पाहायला उठून आले. मग त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि कोरा कागद मागून घेतला. अंकाचा अर्थ आणि मोगरी बांधण्याची रीत पत्राने कळवता येण्यासारखी नाही, प्रत्यक्ष येऊनच दाखवावी लागेल, त्यासाठी निवृत्त ढोलवादक यायला तयार आहे, असे त्यांनी लिहिले. खाली कोपऱ्यात त्यांनी दुसऱ्या पायाची सपात काढली. कारकुनाने ही काय भानगड, असे विचारले. ठोकेकाका म्हणाले, "होडीच आहे. परतीची."

पत्र सोमवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बाहेरच्या टपालात पडले. त्यावर कमांडरसाहेबांची सही आहे. मुलीने नव्या सपाता घेतल्या आहेत. उरलेली एक सपात बायकोने धुऊन, वाळवून बॅगेत सर्वांत वर ठेवली आहे, खोळीत घालून. खोळीत काय आहे ते या वेळी तिने बाहेर लिहून ठेवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.