टोमॅटोच्या वाफ्याचे हिरवट खांब

फुकटची वस्तू दिसली की द्राक्षबागेच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कांचा जीव तिच्यात अडकायचा. (गंजलेल्या बिजागऱ्यांचा एक आख्खा डबा त्यांच्या कपाटात होता. त्या लावायला दार मात्र एकही नव्हतं.) त्यामुळे बागेतले जुने लाकडी खांब उपटून विहिरीपाशी रचलेले दिसताच त्यांनी त्यातले बारा टेम्पोत घालून घरी आणले आणि परसात बायकोच्या टोमॅटोंभोवती ऐटीत कुंपण ठोकलं.

दोन महिन्यांनी टोमॅटो झकास लाल झाले, आणि लॅबमध्ये नोकरी करणारी मुलगी माहेरी आली. तिची तीन वर्षांची लेक थेट वाफ्यात शिरली, तशी मुलगी किंचाळली, "बाबा, हे हिरवट लाकूड कुठलं?"

"बागेतलं. इतकी वर्षं झाली, वाळवीने तोंड लावलं नाही त्याला!"

"कशी लावेल? आर्सेनिक मुरवलंय त्यात! पाण्याबरोबर मातीत उतरतं ते!"

आजीने नातीच्या हातातला टोमॅटो हिसकावला. नातीने भोकाड पसरलं. तोंडात गेला नव्हता, एवढंच नशीब. हेडक्लार्कांचं डोकं भडकलं.

"माणसांच्या जिवाशी खेळतात म्हणजे काय! बघतोच एकेकाला!"

तसेच चपला अडकवून त्यांनी ऑफिसात मॅनेजरना गाठलं. "साहेब, मजूर हे खांब शेकोटीत घालतात! विहिरीला लागून ढीग पडलाय! हे विष आहे, असं कोणी सांगितलं का लोकांना?"

"नोटीस लावलीय की."

"कुठे?"

"तुमच्या रेनकोटाखाली."

हेडक्लार्कांनी बोर्डाच्या खिळ्यावरचा आपला रेनकोट उचलला. 'जुने खांब जाळू नयेत, घरी नेऊ नयेत, भाजीच्या वाफ्याला लावू नयेत.' खाली वळणदार सही होती. त्यांचीच. (टाइप करताना मजकूर वाचायचा असतो, हे त्यांना कधी पटलं नव्हतं.)

तरी ते हटले नाहीत. "पण कागद लावला म्हणजे झालं का? लोकांना समोर बसवून सांगायला नको?"

"हेच मी म्हणालो होतो. तेव्हा तुम्ही म्हणालात, 'साहेब, नोटीस लागली की आपण सुटलो.'"

घरी बायको उपटलेल्या रोपांपाशी डोळे पुसत बसली होती. "अहो, काय म्हणाले?"

"ढीग उद्या हलवतायत. आणि नोटीस झाकणाऱ्या कारकुनाला मेमो. आता एकेका मजुराला तोंडी सांगत फिरायचंय त्याने."

"बरी खोड मोडली! असल्या माणसाबरोबर त्याची बायको कशी नांदते, कोण जाणे!"

"सोसते बिचारी," हेडक्लार्क म्हणाले आणि मुकाट्याने पहिला खांब उपटायला लागले.